माशांच्या टाकीपाशी डावीकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर लोक मला दक्षिण विचारत होते. सेत्सुबुनचा सण. हातात भाताची जाडजूड सुरळी धरायची, यंदाच्या शुभ दिशेला तोंड करायचं आणि एक शब्द न बोलता ती संपवायची. यंदा शुभ दिशा दक्षिणेकडची. आता ओसाकातल्या या उमेदाच्या भुयारी बाजारात, जमिनीखाली दोन मजले, मी दक्षिण कुठून आणू? सव्वीस वर्षं या चौकशीच्या खिडकीत उभी आहे, तरी खाली मलाही दिशा कळत नाहीत. इथे फक्त डावं आणि उजवं. शेवटी कंटाळून सगळ्यांना चपलांच्या दुकानाकडे तोंड करा म्हणून सांगितलं.

"चुकीच्या दिशेला खाल्लं तर त्यांचं वर्ष वाईट जाणार," मीजा म्हणाली, "आणि शिव्या तुला."

"देऊ देत. रांगेत उभे राहा म्हणावं."

पार्क मीजा अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत आहे. जन्म इथल्या कोरियन वस्तीतला, जीभ अस्सल ओसाकाची, वर इंग्रजीही येतं. म्हणून परदेशी माणसं तिच्याकडे, आपली माझ्याकडे. ती नकाशावर रंगीत पेन्सिलीने रेघ ओढून देते, मी तोंडाने सांगते.

चार वाजता कुनिमोतोसाहेबांनी दोघींना वर ऑफिसात बोलावलं. "इबुकी-सान, बसा," मला म्हणाले. ते बसा म्हणाले की समजायचं, बातमी बरी नाही. पोटाची गोळी चघळत चघळत त्यांनी सांगितलं. एक एप्रिलपासून खिडकी बंद. तिथे बोलणारं यंत्र बसणार. आणि त्या यंत्राला शिकवायला माझ्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर हवं. नवख्या पाहुण्यांसाठी चाळीस सूचना.

"म्हणजे आमच्याच गळ्यावर फिरवायची सुरी, आणि धारही आम्हीच लावायची," मीजा म्हणाली.

साहेब टेबल पुसत बसले. टेबल स्वच्छच होतं. मग म्हणाले, "कागदावर सहा अधिकाऱ्यांचे शिक्के लागतात. पहिला माझा. दर शुक्रवारी बैठक असते, शेवटची सत्तावीस मार्चला. तोवर सहा शिक्के झाले नाहीत तर यंत्राचं प्रकरण एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात परत पहिल्यापासून सुरू होतं. मी आपला नियम सांगतोय."

मी म्हटलं, वेळेत देते. त्रेसष्ट वर्षांची झाले, गुडघे केव्हाचे बोंब मारतायत, सुटले एकदाची. मीजालाही हेच सांगितलं. घरी येऊन चहा केला आणि प्यायचा राहिला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलणं सोपं, लिहायला बसलं की नाकी नऊ येतात. हे गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून घरात मी लिहिते ती एवढी वही. तरी अकरा झाल्या. त्यांतल्या काही:

खाली आल्यावर मोबाइलवरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका, तो तुम्हाला भिंतीतून चालवेल. तिकिटाच्या फाटकाशी थांबून पिशवीत तिकीट शोधू नका, मागे चाळीस माणसं असतात आणि ती काही बोलत नाहीत, हेच वाईट. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा. टोकियोहून आलात तर तिकडची सवय तिकडेच ठेवा. वाट चुकलात तर आणखी चालू नका, मिळेल त्या जिन्याने वर जा, आभाळ बघा, श्वास घ्या, मग खाली या.

रस्ता विचारल्यावर माणसाने दातांतून हवा ओढली तर त्याला रस्ता माहीत नाही. तो तसं म्हणणार नाही. आभार मानून दुसऱ्याला विचारा. आणि कुणी तुमच्यासोबत चालायलाच लागलं तर त्याला थांबवू नका. ‘मलाही तिकडेच जायचंय’ असं तो म्हणेल. ते खरं नसतं.

मीजाला वाचून दाखवलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "आणि हे सगळं तो डबा बोलणार."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चाळीस सूचना लिहून सोमवारी दिल्या होत्या. आज संध्याकाळी परत आल्या. तिसऱ्या पानावर स्वल्पविराम चुकलाय म्हणे. एक स्वल्पविराम! त्यासाठी उद्याची बैठक हुकली. मी म्हटलं, साहेब, पेनाने इथेच घालते की. तर म्हणाले, नाही, नीट नवा कागद करा.

शिक्के म्हटलं की मला बाबा आठवतात. ते नगरपालिकेत नकाशे काढायचे. आमच्या गल्लीतला जुना लाकडी पूल पाडायचा ठरला तेव्हा पाडकामाचा नकाशा त्यांनीच काढला, आणि सुरेख काढला. सही-शिक्क्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपला शिक्का उलटा मारला, नाव डोक्यावर उभं. जुनी माणसं असं करायची. नाही म्हणायची सोय नसली की उलटा शिक्का. आई म्हणाली, साहेब रागावले असते तर? बाबा म्हणाले, नकाशात खोट नाही, पण पूल जायला नको होता, तेवढं तरी कागदावर राहू दे.

आमच्या साहेबांचा शिक्का मात्र ड्रॉवरमधून बाहेरच येत नाही. निघताना म्हणाले, "दमलात हं." निघताना सगळेच सगळ्यांना म्हणतात. मनावर घ्यायचं नसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

परत आला कागद. आता म्हणे तीन माणसांकडून तपासून घ्या, समजतंय का बघा. घेतलं. उडोन शेवयांच्या गाडीवरचे ओकुनो, चपलांच्या दुकानातली बाई आणि सफाईवाल्या सातो-सान. तिघांनी उभ्या उभ्या वाचलं. ओकुनो म्हणाले, "आंधळाही पोचेल की हो." सातो-सान म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण चाळीस कशाला? उमेदात एकच सूचना पुरे. येऊ नका."

पाय नुसते भरून आलेत. गरम पाण्यात घालून हे लिहितेय.

५ मार्च, गुरुवार

पाचव्यांदा. पाचव्यांदा! या वेळी अक्षराचा आकार. गेल्या वेळी ‘थोडंसं’ या शब्दाला हरकत होती. माणूस पंधरा वर्षं माझा साहेब आहे, इतका किचकट कधी नव्हता. मी सरळ विचारलं, "साहेब, तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदाच सांगा ना."

त्यांनी दातांतून हवा ओढली. म्हणाले, "घाई काय आहे?"

घाई काय आहे! तुम्हीच तारीख दिलीत ना? खाली येऊन मीजासमोर सगळा राग ओकले. ती म्हणाली, "अगं, त्याला कळत नाही असं नाही. त्याला कळतंय."

"काय कळतंय?"

"काही नाही. तू गोळी खा," असं म्हणून तिने माझ्याच पिशवीतली लिंबाची गोळी मला दिली. ही एक अशी, सरळ काही सांगेल तर शपथ.

११ मार्च, बुधवार

आज अक्षर वेडंवाकडं येतंय.

दोनला दहा कमी होती. मीजा जेवायला गेली होती. खिडकीशी एक बाई आल्या. साठीच्या, डोक्याला निळा रुमाल, हातात कापडी पिशवी, इंडोनेशियाच्या. मोबाइलवर इस्पितळाचं नाव दाखवलं, नदीकडचं प्रसूतीचं. मग घड्याळातल्या तीनवर बोट ठेवलं. मला वाटलं, तीनला भेटायची वेळ असेल. म्हटलं, मीजा कशाला हवी, आपल्या सूचना आहेत की. मीजाने इंग्रजीत केलेला कागद काढून बाविसाव्या सूचनेवर बोट ठेवलं. सरळ जा, माशांच्या टाकीपाशी डावीकडे वळा, अडतीस नंबरचा जिना चढा. त्यांनी वाचलं, मान लववली. मी हातावर लिंबाची गोळी ठेवली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

अडीच वाजून गेल्यावर त्या परत आल्या. रुमाल सरकलेला, धाप लागलेली. कागद खिडकीवर ठेवून एका शब्दावर बोट आपटलं. मग हात पसरून भिंती दाखवल्या, दुकानं दाखवली. मग दोन्ही तळवे जोडून माशासारखे हलवले. मासे कुठायत?

मी दाखवायला टाकीच्या दिशेला हात केला.

टाकी नाहीच. टाकी काढून तीन वर्षं झाली. मी स्वतः उभी होते तिथे. निळ्या बादल्यांतून लाल-पांढरे मासे नेले, तेव्हा मी त्यांना हात हलवून निरोप दिला होता.

त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी बोलून तो माझ्या कानाशी धरला. यंत्राचा आवाज आमच्या भाषेत म्हणाला, "माझ्या मुलीला तीन वाजता कापणार आहेत. ती एकटी आहे. मला आधी तिला बघायचं आहे."

खिडकी सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी सोडली. पाटीसुद्धा लावली नाही. त्यांचा हात धरला आणि निघाले. गुडघा कसा चालला कुणास ठाऊक. वाटभर त्यांनी माझा हात गच्च धरलेला. इस्पितळात पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होती. नर्स म्हणाली, बाळाचे ठोके मंदावले म्हणून वीस मिनिटांपूर्वीच आत नेलं. म्हणाली, दारापर्यंत विचारत होती, आई आली का, आई आली का.

हे तिने मला सांगितलं, आमच्या भाषेत. मी त्या बाईंना ते कसं सांगणार होते? बंद दाराकडे बघून त्या बाकावर बसल्या. मीही बसले. थोड्या वेळाने त्यांनी मूठ उघडली, आत ती गोळी होती, कागदासकट चिकटलेली.

सव्वाचारला परत आले. कुणीतरी तक्रार केली होती. मीजा ओरडली, "कुठे मेली होतीस?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

१२ मार्च, गुरुवार

बाजार उघडायच्या आधी टाकीच्या जागी जाऊन उभी राहिले. तिथे आता तोंडाला लावायच्या क्रीमचं दुकान आहे. रोज तिथून जाते. दुकान दिसतंच की मला. तरी तोंडातून टाकीच निघते.

कागद काढून मोजलं. चाळीसपैकी अकरा सूचनांत टाकी. ओकुनोंनी वाचलं, सातो-साननी वाचलं, साहेबांनी पाच वेळा वाचून स्वल्पविराम काढला. कुणीही म्हटलं नाही की टाकी कुठाय. मीजाला विचारलं, "तू भाषांतर केलंस ना, तुला नाही दिसलं?"

"परवाच नवऱ्याला म्हटलं, टाकीपाशी भेट. तो आलाही."

आणि त्याहून वाईट म्हणजे, तीन वर्षं मी बाहेरगावच्या किती माणसांना टाकीपाशी वळायला सांगितलं असेल. आपली माणसं. ‘हो हो, समजलं’ म्हणाली, वाकली आणि गेली. नाही सापडली टाकी तरी परत येऊन एकानेही विचारलं नाही. विचारलं तर मला वाईट वाटेल म्हणून. मासे कुठायत हे विचारायला कुणीतरी परकंच यावं लागलं. कुठे कुठे भटकली असतील ती माणसं.

खिडकी सोडली म्हणून कबुलीपत्र लिहायचं होतं. त्यात टाकीचंही सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. साहेबांकडे घेऊन गेले. वाटलं, आता आरडाओरडा. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि उठून माझ्यासाठी स्वतः चहा ओतला.

"म्हणजे चाळीसच्या चाळीस सूचना परत तपासायला हव्यात," म्हणाले.

"हो."

"पायी चालून?"

"हो."

"फार मोठं काम आहे. एप्रिल उजाडेल." शिक्का टेबलावर होता, तो ड्रॉवरमध्ये टाकून त्यांनी ड्रॉवर लावला. चेहरा मात्र आठवडाभरात पहिल्यांदा बरा दिसत होता. "गुडघ्यांना जपा. सावकाश करा. मे झाला तरी चालेल."

अस्सं. म्हणजे म्हातारी झाले, आता हिच्याच्याने व्हायचं नाही, असं. कान तापले माझे. दाखवतेच म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

त्या बाई आज दिसल्या नाहीत. इस्पितळात फोन केला, नातेवाईक नाही म्हणून काही सांगितलं नाही.

१६ मार्च, सोमवार

आल्या! अकरा वाजता निळा रुमाल गर्दीतून येताना दिसला आणि मी उभीच राहिले. मीजाने मध्ये बसून सगळं बोलणं केलं. नाव वार्सिनी, पूर्वी शाळेत शिकवायच्या. मुलगी एन्दाह इथे वृद्धाश्रमात कामाला आहे. फार रक्त गेलं, तीन दिवस शुद्ध नव्हती, परवा डोळे उघडले. बाळ मुलगी, दीड किलोची, काचेच्या पेटीत.

मी कपाळ खिडकीला टेकेपर्यंत वाकले. म्हटलं, मीजा, सांग त्यांना, माझ्यामुळे त्यांची भेट हुकली. मी तीन वर्षं नसलेल्या वस्तूची वाट सांगतेय.

वार्सिनीबाई बराच वेळ बोलल्या. मीजा म्हणाली, "ती म्हणते, हो, तुझ्यामुळेच हुकली."

मी मान वर केली नाही.

"म्हणते, फार रागावले होते. तीन रात्री तुझ्यावर रागावण्यात काढल्या, दुसरं करायलाही काही नव्हतं. आता म्हणते, सगळं परत लिहून काढ. आणि ज्याला काही ठाऊक नाही त्याच्याकडून तपासून घे. तुमच्या गाववाल्यांकडून नाही. म्हणते, मी तपासते. इस्पितळातून सहाला सुटते मी." मीजाने डोळे पुसले. "मास्तरीण आहे बाई, सुटका नाही तुझी."

२२ मार्च, रविवार

रोज संध्याकाळी वार्सिनीबाई कागद घेऊन पुढे, मी मागे. मी बोलायचं नाही असा त्यांचा नियम. त्या थांबल्या की समजायचं, शब्द चुकला. पहिल्या दिवशी दर वीस पावलांना थांबल्या. ‘पांढऱ्या खांबापाशी वळा’ लिहिलं होतं. सगळेच खांब पांढरे. ‘अगदी जवळ’ लिहिलं होतं, नऊ मिनिटं लागली. त्यांनी लाल पेनाने ते खोडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला दुसरीतल्या बाई आठवल्या.

काल एकोणतीस सूचना न थांबता चालल्या. मग आम्ही ओकुनोंकडे उडोन खाल्लं. भाषा नाही, काही नाही. त्यांनी मोबाइलवर बाळ दाखवलं, मी माझा गुडघा दाखवला. त्यांनी तो दाबून बघितला आणि मान हलवली.

पाय सुजलेत. झोपताना वाटतं, का करतेय मी हे? यंत्र बोलणार, यंत्राला काय फरक पडतो? पण मग बाकावर बसलेल्या त्या दिसतात.

साहेबांनी दोनदा विचारलं, कुठवर आलंय. होतंय म्हटलं. "घाई करू नका," म्हणाले. बघा ना, अजून तेच.

२६ मार्च, गुरुवार

दिला. चाळीसच्या चाळीस. बाविसाव्यात आता लिहिलंय, क्रीमच्या दुकानापाशी डावीकडे वळा. दुकान बदललं असेल तर छतातून लाल पाइप जिथे खाली येतो तिथे. पाइप कुठे जात नाही, वार्सिनीबाईंनी शोधून काढला.

साहेबांनी कागद हातात घेतला. "झालं?"

"झालं. उद्याच्या बैठकीत ठेवता येईल."

"एप्रिलपर्यंत वेळ होता, इबुकी-सान."

"काम वेळेत झालेलं बरं."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि वाचायला लागले. मी उभी. तासभर वाचलं, पेन्सिल एकदाही कागदाला लागली नाही. मला मनातून गंमत वाटत होती. शोधा म्हटलं, काय शोधायचं ते. "एकही चूक नाही?" असं अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, "चालून बघा."

आणि खरंच चालले. पाच वाजता मीजाने मला कोपराने ढोसलं. साहेब कागद घेऊन क्रीमच्या दुकानासमोर उभे होते, मान वर करून पाइप बघत. मग जिन्याकडे गेले. परत आले, दुसरीकडे गेले. खिडकी बंद होईस्तो ते असेच फिरत होते.

"काय माणूस आहे," मी म्हटलं. "इतका अविश्वास?"

मीजाने माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

२७ मार्च, शुक्रवार

सहा शिक्के झाले. एक एप्रिलला यंत्र. साहेबांनी शिक्क्यांच्या कागदाची प्रत पाकिटात घालून दिली. "तुमच्याकडे असू द्या," म्हणाले.

खाली येऊन उघडलं. पाच शिक्के सरळ. पहिल्या चौकटीत कुनिमोतो, डोक्यावर उभा.

म्हणजे त्यांना पसंत नाही. इतकं करून, इतकं चालून पसंत नाही. नव्हतं आवडलं तर पेन्सिल चालवायची होती, मी परत लिहिलं असतं. सव्वीस वर्षांच्या कामावर शेवटचा शेरा हा. मीजाला दाखवलंही नाही.

३१ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस. वार्सिनीबाई एन्दाहला घेऊन आल्या, चाकाच्या खुर्चीत. पोरगी पांढरीफटक, पण हसली. मी तिची माफी मागितली. तिला आमची भाषा येते. म्हणाली, "आई सांगते, मावशी मागून फार कुरकुरत चालतात." सहा वाजता मीजाने आणि मी पडदा ओढला.

"दमलीस हं," ती म्हणाली.

"तूही दमलीस."

ती उद्यापासून बहिणीच्या लोणच्याच्या दुकानात बसणार. मी घरी. घरी टीव्ही आहे.

१ एप्रिल, बुधवार

साडेसहाला जाग आली. सवयीने डबाही भरला. मग तो टेबलावर ठेवून काय करावं कळेना, म्हणून खिडकीतून आणलेली पिशवी रिकामी करत बसले. त्यात परत आलेले पाच मसुदे होते. स्वल्पविरामाचा, तीन माणसांचा, ‘थोडंसं’चा, अक्षराच्या आकाराचा, सगळे. प्रत्येकावर साहेबांच्या हातची तारीख. बारा, एकोणीस, सव्वीस फेब्रुवारी, दोन मार्च, पाच मार्च. त्या दोन मार्चच्या सोमवारी मी दुरुस्ती करून लगेच नेऊन दिला होता, म्हणून त्यांना त्या आठवड्यात दोनदा परत करावा लागला. बाकी सगळे गुरुवार. बैठकीच्या आदला दिवस.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. ही वही चाळली, बारा फेब्रुवारीचं पान लागलं. बाबांचा पूल. नकाशात खोट नाही, पण पूल जायला नको होता. हे मीच लिहिलंय, माझ्याच हाताने.

मग तो उलट्या शिक्क्याचा कागद काढून शेजारी ठेवला. तो माणूस दोन महिने एकटा माझी खिडकी धरून होता, आणि मी सुजल्या पायांनी धावत जाऊन ती बंद करून आले. मे झाला तरी चालेल, म्हणाले होते. मला वाटलं, मला म्हातारी म्हणतायत. शेवटी तरी चूक सापडावी म्हणून भुयारभर फिरले बिचारे, आणि मी एक ठेवली नव्हती. पस्तावा झाला असं लिहावं तर तेही खरं नाही. वार्सिनीबाईंना मी दुसरं काय देणार होते? पण रडू आलं, ते थांबेना.

दुपारी डबा घेऊनच गेले. आमच्या खिडकीच्या जागी यंत्र होतं, पुढे एक गोरा मुलगा आणि मुलगी. यंत्राने माझा कागद काढून दिला. ती दोघं वाचत गेली आणि क्रीमच्या दुकानापाशी बरोबर डावीकडे वळली.

वर ऑफिसात साहेब खोक्यांत सामान भरत होते. त्यांची बदली झालीय, गाड्यांच्या तळावर, साकाईला. मी दोन महिने माझंच रडगाणं गात होते, त्यांना विचारलंही नव्हतं. मला बघून ते उभे राहिले. काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं होतं, सगळं विसरले.

"साहेब," म्हटलं, "फार दमलात हो तुम्ही."

रोज म्हणतो तेच शब्द. पण त्यांनी मान खाली घातली आणि पोटाच्या गोळ्यांची बाटली उगाच या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीही. गुडघा कसा आहे?"

"आहे."

मी निघाले तर त्यांनी कोट घेतला. म्हटलं, राहू द्या, मला रस्ता माहीत आहे. त्यांच्या घराची गाडी अगदी उलट्या टोकाला लागते, हे पंधरा वर्षं बघतेय.

"मलाही तिकडेच जायचंय," म्हणाले.

मी त्यांना थांबवलं नाही.